परतीची नळी

गायमुखच्या चढावर तिसऱ्यांदा दिवा लागला,
तेव्हा तरेंनी बॉनेट उघडून आधी नुसता वास घेतला.
मग दांडी ओढून पांढऱ्या चिंधीला पुसली :
लाल असायला हवं ते तेल
काळपट, करपलेलं,
चकलीच्या शेवटच्या घाण्यासारखं.
"ताप हाय, बाय. डोक्यात नाय, पोटात."

कंपनीवाले म्हणाले होते, पेटीच बदला.
एक लाख चाळीस हजार, वर कर.
नाहीतर गाडीच बदला मॅडम, गिअरची घ्या,
ॲव्हरेजही चांगलं.
मी काउंटरखालच्या माझ्या डाव्या पायाकडे
बघितलं नाही. तोही काही बोलला नाही.
क्लच दाबणं त्याच्या नशिबातून
दुसऱ्या वर्षीच गेलं होतं, एका तापात.

कोलशेत रोडला, टायरवाल्याच्या मागे,
जनार्दन तरेंचं गॅरेज : चार पत्रे, एक खड्डा,
आणि खड्ड्यात गुरुनाथ.
शीळफाट्याच्या भंगारातून त्यांनी आणला
एक हीटर.
वीतभर चौकट, बारीक पितळी नळ्या,
कुणाच्या तरी डॅशबोर्डच्या काळोखात
अठरा वर्षं बसून काढलेली.
मी हसले. ठाण्यात हीटर?
"तेच तर," ते म्हणाले,
"कुनी कधी लावलाच नाय. कोरा हाय आतून."

खटका निळ्याकडून लालकडे
एकदाही सरकला नसेल.
ऊब द्यायला घडवलेला जीव,
आणि गाव मिळालं असं,
जिथे जानेवारीतही पंखा दोनवर.

केरोसीननं धुतला. सायकलच्या पंपानं हवा भरून
बादलीत बुडवला, आणि आम्ही तिघं
पाण्याकडे बघत बसलो, दहावीच्या निकालासारखे.
एक बुडबुडा आला.
गुरुनाथचं बोट निसटलं होतं.
मग काही नाही.

जाणाऱ्या नळीला हात लावायचा नाही,
तिथे दाब असतो.
परतीची कापायची.
तेल काम उरकून, तापून, घरी निघालेलं असतं,
तिथे मध्येच त्याला जरा टेकवायचं
वाऱ्यावर.

जाळीमागे जागा होती. धरायला पट्टी नव्हती.
स्कूटरची नंबरप्लेट वाकली,
खिडकीचा गज जड झाला.
"भोकांची पट्टी पायजे," तरे म्हणाले,
"ओळीनं भोकं, मागंपुढं सरकवाया."

तशी एक मला माहीत होती.
माळ्यावर, मिक्सरच्या जुन्या खोक्यात,
माझं सातवीतलं कॅलिपर.
दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या,
अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोकं,
मी वाढेन तशी लांबवायला.
तीन वापरली गेली.
पुढच्या पाचांना स्क्रू कधी लागलाच नाही,
मी तिथेच थांबले.

तरेंनी चामडं सोडवलं, पट्टी उजेडाला धरली,
एक डोळा मिटून सरळ आहे का पाहिलं.
कुणाची, ते विचारलं नाही.
"चांगलं पोलाद हाय," एवढंच,
आणि चौथ्या भोकात बोल्ट बसवला.

परवा घाटात पुन्हा अडकले,
पुढे कंटेनर, मागे कंटेनर,
पन्नास मिनिटं पहिल्या गिअरमध्ये,
जो मी टाकत नाही, आपोआप पडतो.
दिवा लागला नाही.
फाउंटनजवळ उतरून, जाळीतून हात घालून
दोन्ही नळ्या चाचपल्या :
आत जाणारी, हात मागे घ्यावा अशी.
बाहेर येणारी, बशीतल्या चहासारखी.

तेल अजून लाल आहे.
तरे सांगतात, दर महिन्याला क्लिपा बघायच्या,
पावसाळ्यात जाळीतला चिखल काढायचा,
आणि कंपनीत न्यायची नाही, हसतील.

चामड्याचे पट्टे गुरुनाथनं
पुसून, पिशवीत घालून परत दिले.
ते डिकीत आहेत, स्टेपनीच्या शेजारी.
त्यांचं काय करायचं
हे अजून कुणालाच सुचलेलं नाही.